बाबांचं सीपॅप मशीन, आठ महिने वापरून झाल्यावर

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून सतत हवेचा दाब देणारं हे मशीन घेऊन आता आठ महिने झाले. घ्यायच्या आधी मी रोज रात्री रिव्ह्यू शोधत बसायचे आणि मराठीत धड एकही सापडला नाही, जे होते ते इंग्रजीत आणि त्यातलेही बरेचसे स्वतःसाठी मशीन घेणाऱ्या चाळिशीतल्या लोकांचे. सत्तरीला टेकलेल्या, विसरायला लागलेल्या माणसाच्या नाकावर हे लावून त्याला झोपवायचं कसं यावर कुणी काही लिहिलंच नव्हतं, म्हणून मी लिहितेय. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देत नाहीये, कारण ऑटो सीपॅप मशीनं आतून बरीचशी एकाच तत्त्वावर चालतात, आणि अनुभव चांगला की वाईट हे मास्कवर आणि सेटिंग करून देणाऱ्या माणसावर जास्त ठरतं. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि एक मास्क वाया गेला.

आधी बाबांबद्दल सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. वय ६९. एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं सर्व्हिस, नाशिककडचे रूट. त्यातली कितीतरी वर्षं वस्तीची गाडी. म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला शेवटच्या गावात गाडी लावायची, डबा खायचा, उन्हाळ्यात टपावर आणि पावसाळ्यात आत सीटवर अंथरूण टाकायचं आणि पहाटे पाचला पहिली गाडी घेऊन निघायचं. काम तसंच होतं, त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. घरी असले की जेवून आडवे व्हायचे आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचे, इतकं की शेजारच्या काकू सकाळी विचारायच्या, भाऊ काल ड्युटीवर नव्हते वाटतं? आम्ही ते गाढ झोपेचं लक्षण समजत आलो. दमून आलेत, झोपू द्या. घोरता घोरता मधेच एकदम सगळं शांत व्हायचं, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि मग घशातून खर्रकन मोठा श्वास, हेही आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आई आत्ता सांगते की तिला कधी आवाजाने जाग यायची नाही, त्या शांततेने यायची.

विसरणं साधारण दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले, तो भला माणूस म्हणून परत घेऊन आला. बँकेत गेले आणि कशाला आलो तेच आठवेना. बोलता बोलता साधा शब्द अडायचा, "ते... ते हे नाही का" असं करत राहायचे आणि मग चिडायचे. दिवसभर डुलक्या, पेपर हातात धरून झोप, टीव्हीसमोर झोप, आणि रात्री मात्र चार-पाच वेळा उठणं. आमच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, शेवटची सहा वर्षं बाबांचीसुद्धा ओळख राहिली नव्हती, ती त्यांना दादा म्हणायची, स्वतःचा मोठा भाऊ समजून. त्यामुळे अल्झायमर हा शब्द घरात कुणी तोंडातून काढला नाही तरी सगळ्यांच्या मनात तोच होता.

एका दवाखान्यात दाखवलं तेव्हा रात्री झोप होत नाही एवढंच ऐकून अल्प्राझोलम ही झोप आणणारी गोळी लिहून दिली. दोन आठवड्यांत बाबा बाथरूमला जाताना दोनदा तोल जाऊन भिंतीला धडकले आणि सकाळी अकरापर्यंत गुंगीत. हे मुद्दाम लिहितेय. या गटातल्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात, त्यामुळे ज्याचा श्वास झोपेत अडकतो त्याचा आणखी अडकू शकतो, आणि म्हाताऱ्या माणसांत पडणं आणि गोंधळणं वाढतं. ज्यांच्या घरी मोठ्याने घोरणारं वयस्कर माणूस आहे त्यांनी झोपेची गोळी सुरू करायच्या आधी डॉक्टरांना घोरण्याबद्दल स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. आणि आधीपासून चालू असेल तर मनाने एकदम बंदही करू नका, ती हळूहळूच सोडावी लागते, डॉक्टरांच्या देखरेखीत.

मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तारीख-वार विचारले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. ३० पैकी २१ मार्क. एमआरआय, बी १२, थायरॉईड सगळं केलं. आणि मग त्यांनी बाबांना सोडून आईला विचारलं, "काकू, हे घोरतात का? मधे श्वास थांबतो का?" आई माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सध्या याला मी एमसीआय म्हणतो, म्हणजे वयाच्या मानाने विसरणं जास्त आहे पण रोजचे व्यवहार जमतायत, पुढे अल्झायमर होईल की नाही आज सांगता येत नाही, पण ह्यातलं किती खरं विसरणं आणि किती झोपेचं कर्ज आहे ते आधी वेगळं करू या.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो त्याची तपासणी. ही सेवाही रिव्ह्यूत धरते कारण सगळे त्यालाच घाबरतात. घरी करायची छोटी टेस्ट पण असते, नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. आम्हाला लॅबमधली रात्रभराची सांगितली कारण झोप किती खोल लागते तेही बघायचं होतं. खर्च ९ हजार आला. संध्याकाळी आठला गेलो, डोक्याला पेस्ट लावून वायरी, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला, पायाला, नाकापाशी, छातीला-पोटाला पट्टे. बाबा म्हणाले, "अगं, एवढ्या वायरी तर माझ्या गाडीत पण नव्हत्या." तिथली टेक्निशियन मुलगी फार चांगली होती, प्रत्येक वायर लावताना आजोबा ही कशासाठी ते सांगत होती, विसरले तर पुन्हा सांगत होती, आवाज जराही न चढवता. मला सोबत झोपायला खाट दिली. विसरणाऱ्या माणसाला एकटं ठेवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, रात्री उठून आपण कुठे आहोत हे कळलं नाही तर वायरी ओढून काढतात. खोली फार गार होती आणि सकाळी केसातली पेस्ट निघायला दोन अंघोळी लागल्या, तक्रार एवढीच.

रिपोर्टमध्ये एएचआय ४१. म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ऑक्सिजन एकदा ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. आणि गाढ झोपेचा टप्पा जवळपास नाहीच. मी तो कागद घेऊन लॅबच्या पायऱ्यांवर बसले आणि मला पहिल्यांदा रडू आलं, कारण हा माणूस चाळीस-चाळीस प्रवासी घेऊन घाट उतरत होता आणि आम्ही सगळे त्यांच्या घोरण्यावर हसत होतो.

आता झोपेचा आणि अल्झायमरचा संबंध. डॉक्टरांनी सांगितलं ते आणि मी नंतर वाचलं ते, जेवढं मला नीट समजलं तेवढंच लिहिते. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात, आणि हे साचणं विसरणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. हे अमायलॉइड मेंदू रोजच तयार करतो, तुमचा-माझाही. २००९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड होल्ट्झमन यांच्या टीमने उंदरांत दाखवलं की जागेपणी ते वाढतं, झोपेत कमी होतं, आणि उंदरांना झोपू दिलं नाही तर थर लवकर साचतात. २०१३ मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या टीमने, तेही उंदरांतच, सांगितलं की झोपेत पेशींमधली जागा साधारण ६० टक्क्यांनी वाढते आणि तिथून पाणी वाहून कचरा धुतला जातो. मला हे वाचताना सकाळी आंगण झाडून सडा टाकणारी आजी आठवली. पण हेही सांगते की २०२४ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या लोकांनी उंदरांवरच काम करून उलटं दाखवलं, की झोपेत ही सफाई कमी होते. म्हणजे वाद चालू आहे, आणि "झोपेत मेंदू धुतला जातो" असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ बघून त्यावर औषधं विकत घेऊ नका.

माणसांचं बघायचं तर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत २० निरोगी लोकांना एक रात्र जागं ठेवून स्कॅन केला तर स्मरणाशी संबंधित भागात अमायलॉइड साधारण ५ टक्के वाढलेलं दिसलं. एका रात्रीत! अर्थात एक रात्र जागलं म्हणून अल्झायमर होत नाही, लग्नघरात जागलेल्यांनी घाबरू नका. इंग्लंडमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात ७,९५९ लोकांना २५ वर्षं बघितलं, त्यात पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना डिमेन्शियाचा (विसरण्याचा आजार, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) धोका ३० टक्के जास्त निघाला, २०२१ चा पेपर आहे. आणि आमच्यासाठी सगळ्यात जवळचा म्हणजे २०११ चा, क्रिस्टीन याफे यांचा. डिमेन्शिया नसलेल्या २९८ वयस्कर बायका, त्यातल्या ज्यांचा श्वास झोपेत अडकत होता त्यांच्यापैकी ४४.८ टक्के पुढच्या साधारण पाच वर्षांत एमसीआय किंवा डिमेन्शियात गेल्या, बाकीच्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के. तिथे झोप किती तास यापेक्षा ऑक्सिजन कमी पडण्याचा संबंध जास्त दिसला.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, आणि हे मी बाबांच्या बाबतीत स्वतःला सारखं सांगते. कारण गाडी उलटीही चालते. टाऊ ज्या जागी सगळ्यात आधी दिसतो त्यातली एक म्हणजे मेंदूच्या बुंध्यातलं लोकस कोरुलियस, आणि झोप-जाग सांभाळायचं काम करणारी ती जागा आहे. म्हणजे आजारच आधी झोप बिघडवत असेल आणि विसरणं नंतर येत असेल, असंही होतं. आजी शेवटी संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायची, घरी जायचंय म्हणायची, रात्रभर फेऱ्या मारायची. ते आजारामुळेच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशनने डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे १४ धोके सांगितलेत, त्यात झोप नाहीच, पण बीपी आहे, डायबेटिस आहे, लठ्ठपणा आहे, ऐकू कमी येणं आहे, आणि बाबांसारख्या माणसाचा श्वास रात्रभर अडकत असेल तर बीपी आटोक्यात येत नाही हे आमच्या घरीच बघितलं.

आता मशीन. सीपॅप म्हणजे साधा विचार आहे, नाकावाटे सतत हवेचा दाब द्यायचा म्हणजे घसा मिटत नाही, फुगा जरा फुगवून धरल्यासारखा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० च्या सुमाराला पहिल्यांदा केलं, १९८१ मध्ये छापून आलं. आमचं ऑटो आहे, म्हणजे गरजेप्रमाणे दाब स्वतः कमी-जास्त करतं, आम्हाला ६ ते १४ वर सेट करून दिलंय. मशीन, ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि एक मास्क मिळून ४८ हजार पडले. महिन्याच्या भाड्यानेही मिळतं आणि माझा सल्ला असा की पहिला महिना भाड्यानेच घ्या, आम्ही घाईने विकत घेतलं, ते नशिबाने चाललं.

गडबड मास्कची झाली. दुकानातला माणूस घरी आला, बाबांचं तोंड न मापता मीडियम साइजचा तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क लावला, दहा मिनिटं दाखवलं आणि गेला. पहिल्या रात्री बाबांनी तो पावणेदोनला ओढून काढला, दुसऱ्या रात्री साडेबाराला. हवा डोळ्यांत जात होती, नाकाच्या हाडावर लाल वळ. "मला गुदमरतंय, हे काढ, मला मारताय का?" असं ते झोपेत आईला म्हणाले, सकाळी त्यांना आठवत नव्हतं. फोन केला तर पट्टे घट्ट करा म्हणाला. घट्ट केल्यावर आणखी गळती. शेवटी स्लीप लॅबमधल्याच त्या मुलीला विचारलं, तिने नाकापुरता छोटा मास्क लावून आडवं करून, कूस बदलायला लावून तपासलं, तेव्हा जमलं. तो ५,२०० चा वेगळा घ्यावा लागला आणि पहिला परत घेतला नाही. तर मास्क बसून तपासू नका, झोपवून तपासा, आणि मशीन चालू ठेवून. दाढी वाढली की गळतो हेही लक्षात ठेवा, बाबा आता रोज दाढी करतात.

विसरणाऱ्या माणसाला सवय लावायची तर रात्री एकदम लावून उपयोग नाही. आम्ही दुपारी मशीन बंद ठेवून नुसता मास्क, बाबा टीव्हीवर मॅच बघताना, वीस मिनिटं. चार दिवसांनी मशीन चालू करून. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय आहे, दाब एकदम न येता हळूहळू वाढतो, ती चालू ठेवाच. आणि रोज तोच क्रम: गोळ्या, पाणी, देवाला नमस्कार, मास्क. आईने तो एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशी लावलाय. नवीन गोष्ट लक्षात राहत नाही पण क्रम राहतो, हे आम्हाला आजीच्या वेळेपासून माहीत होतं. अजूनही काही रात्री आईला विचारावं लागतं, अहो, मास्क लावला का? पण आता ते बहुतेक वेळा लावलाय म्हणतात आणि खरंच लावलेला असतो.

आवाज फार कमी, पंखा चालू असेल तर ऐकूही येत नाही. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला, आम्ही पहिले काही दिवस उकळून गार केलेलं घातलं तर टाकीला पांढरा थर आला. पाणी रोज बदलायचं, मास्कची गादी रोज साध्या साबणाच्या पाण्याने, नळी आठवड्याला, फिल्टर आमच्याकडे रस्त्याची धूळ फार म्हणून महिन्याच्या आतच काळा पडतो. लाइट गेली की मशीन बंद, आणि नाकापुरता मास्क असला तरी बाबा दचकून उठतात, म्हणून इन्व्हर्टरवर घेतलं. गावी जाताना ह्युमिडिफायर काढून नुसतं मशीन नेतो, तेव्हा नाक कोरडं पडतं, सकाळी नाकातून थोडं रक्त आलं होतं एकदा. दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर टाकीही न्या.

मेमरी कार्डवर सगळं नोंदलं जातं, किती तास लावलं, किती गळती, किती वेळा श्वास अडला. डॉक्टर साधारणपणे रोज निदान चार तास आणि महिन्यातल्या ७० टक्के रात्री एवढं तरी हवं म्हणतात. पहिल्या महिन्यात आमची सरासरी अडीच तास होती. मागच्या महिन्यात पाच तास चाळीस मिनिटं, आणि मशीन लावलेलं असताना एएचआय ३ च्या आसपास.

मग फरक काय पडला. दुपारच्या डुलक्या जवळजवळ गेल्या, पेपर पूर्ण वाचतात आणि वाचलेलं संध्याकाळी सांगतात. रात्री लघवीला एकदाच उठतात. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी अर्धी केली. चिडचिड इतकी कमी झाली की आई दुसऱ्या खोलीतून परत त्यांच्या खोलीत झोपायला आली, बारा वर्षांनी. शब्द अडतो पण पूर्वीइतका नाही.

काय नाही बदललं तेही सांगते. पाच शब्दांतले दोनच आठवतात. सहा महिन्यांनी परत टेस्ट झाली, ३० पैकी २२. डॉक्टर म्हणाले एका मार्काचा आनंद मानू नका, तेवढा फरक दिवसागणिक पडतो, पण खाली आला नाही हे मी लिहून ठेवतो. नव्या शेजाऱ्यांची नावं राहत नाहीत. गेल्या महिन्यात भाजी आणायला गेले आणि जुन्या घराच्या गल्लीत जाऊन उभे राहिले, तिथल्या वॉचमनने फोन केला. सीपॅप लावल्याने अल्झायमर टळतो असं कुठल्याही मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालेलं नाही आणि कुणी विक्रेता तसं सांगून मशीन खपवत असेल तर तिथून उठा. आम्ही ते अल्झायमरसाठी घेतलेलं नाही. ज्याचा श्वास रात्री तासाला ४१ वेळा अडकतोय त्या माणसाला श्वास मिळावा म्हणून घेतलंय, आणि त्या कामात मशीनला माझे पाचपैकी पाच. मास्कला चार. दुकानाच्या सेवेला एक.

ज्यांना विचारायचंय की आपल्याकडच्या माणसाची टेस्ट करावी का, त्यांनी एक करा, रात्री झोपल्यावर मोबाईलवर दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा, मधली शांतता किती सेकंदांची आहे ते मोजून. आमच्याकडे हे २० वर्षांपूर्वी कुणी केलं असतं तर, असं माझ्या मनात रोज येतं, आणि त्याचं काही उत्तर नाही. माझा दादा ४३ चा आहे, तोही घोरतो. वहिनीने परवा त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी १८ सेकंद मोजले. पुढच्या शनिवारी त्याची अपॉइंटमेंट आहे, त्याच लॅबमध्ये, आणि बाबा म्हणालेत की सोबत खाटेवर मी झोपतो, मला तिथलं सगळं माहितीय. त्यांचं मशीनही नेणार आहोत.